घरांतील जुना ध्वनिसंच : ठेवावा, सुधारावा कीं विकावा ?

घर बदलावयाची वेळ आली, किंवा घरांतील वडील माणूस निवर्तलें, म्हणजे माळे आणि कपाटें रिकामीं करण्याचें काम निघतें. भांडीं वांटून घेतां येतात, पुस्तकें वाचनालयास देतां येतात, कपड्यांसही कोणी ना कोणी धनी मिळतो. अडतें तें बैठकीच्या खोलींतील जड लांकडी पेट्यांपाशीं. तबकडी फिरविणारें एक यंत्र, एक अँप्लिफायर, गुडघाभर उंचीचे दोन स्पीकर, एखादा टेपरेकॉर्डर, आणि खालच्या कप्प्यांत उभ्या लावलेल्या शेंदोनशें ध्वनिमुद्रिका, असा हा संसार असतो. मुलगा म्हणतो, विकून टाकावें. सून म्हणते, जागा अडते. नात म्हणते, हल्लीं अशा वस्तूंस मोठी किंमत येते असें ऐकलें आहे. आणि आजी कांहींच बोलत नाहीं, कारण तिच्या चाळीस वर्षांच्या संध्याकाळीं त्या पेटीशीं जडलेल्या असतात. शेवटीं कंटाळून भंगारवाल्यास बोलावलें जातें, किंवा सारें तसेंच चादरीखालीं झांकून ठेवलें जातें. पहिल्या गोष्टींत घाई असते, दुसरींत आळस असतो. विचार मात्र दोहोंतही नसतो.

हा प्रश्न अवघड वाटतो याचें मुख्य कारण असें, कीं संच ही एकच वस्तु आहे असें समजून त्याचा निकाल लावूं पाहिलें जातें. वास्तविक संच ही एक सांखळी आहे. मुद्रिकेच्या खांचेंतून सुई धांवते. सुईचें कंपन कार्ट्रिजमध्यें विजेच्या अतिसूक्ष्म लहरींचें रूप घेतें. अँप्लिफायर त्या लहरी बलवान करतो. आणि स्पीकरचा पडदा त्यांच्या तालावर हालून हवेंत पुन्हां नाद उत्पन्न करतो. या सांखळीचा प्रत्येक दुवा निराळ्या रीतीनें म्हातारा होतो, निराळ्या खर्चानें सुधारतो आणि बाजारांत निराळ्या भावानें विकला जातो. तेव्हां एका प्रश्नाऐवजीं चार-पांच लहान प्रश्न विचारले, तर प्रत्येकाचें उत्तर सोपें होतें.

प्रथम संचाचें वय ओळखावें. बहुतेक जुन्या घरांत एकाच काळचा संच नसून निरनिराळ्या काळांचे थर एकावर एक बसलेले असतात. मिनिटास ७८ फेऱ्या घेणारी लाखेची मुद्रिका ही सर्वांत खालचा थर. तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटें गाणें मावे. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ मुद्रिका, म्हणजे एल्.पी., बाजारांत आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचा ख्याल ऐकतां येऊं लागला. १९५८ च्या सुमारास दोन कानांसाठीं दोन स्वतंत्र प्रवाह देणारी स्टिरिओ मुद्रिका प्रचारांत आली. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली, आणि १९८२ सालीं जपानांत सी.डी. विक्रीस निघाली. नवें आलें म्हणून जुनें लगेच गेलें, असें झालें नाहीं. भारतांत १९६० नंतरही ७८ फेऱ्यांच्या मुद्रिका निघत होत्या. म्हणून आजोबांच्या संग्रहांत या सर्व जातींचे नमुने शेजारीं शेजारीं सांपडतात.

या गोष्टीचा निर्णयाशीं निकटचा संबंध आहे. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेची खांच रुंद असते. तिला सुमारें तीन सहस्रांश इंच त्रिज्येच्या टोंकाची सुई लागते. एल्.पी.ची खांच इतकी बारीक असते, कीं तिला एक सहस्रांश इंच किंवा त्याहूनही सूक्ष्म टोंक हवें. बारीक सुई रुंद खांचेच्या तळाशीं खरडत जाते आणि खरखरच ऐकूं येते. जाड सुई बारीक खांचेंत घातली तर ती खांच कायमची फाडते. आज विकत मिळणारीं कित्येक नवीं यंत्रें ३३⅓ आणि ४५ या दोनच गतींचीं असतात. उलट, जुन्या चार गतींच्या यंत्रांत पुष्कळदां दुतोंडी कार्ट्रिज असतें. एका अंगास ७८ची सुई, दुसऱ्या अंगास एल्.पी.ची. ज्या घरांत लाखेच्या मुद्रिका आहेत, त्या घरानें असें यंत्र साधें दिसतें म्हणून विकलें, तर मुद्रिका घरांत राहूनही मुक्या होतील. म्हणून पहिला नियम हाच, कीं यंत्राचा निकाल लावण्यापूर्वीं मुद्रिकांची मोजदाद करावी.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. दहा-पंधरा वर्षें बंद असलेला अँप्लिफायर किंवा व्हॉल्व्हचा रेडिओ, "बघूं या चालतो का" असें म्हणून एकदम विजेस लावूं नये. त्याच्या पोटांत कंडेन्सर नांवाचे लहानमोठे डबे असतात. त्यांतील द्रव काळानें सुकतो, जुन्या कागदी कंडेन्सरांतून वीज झिरपूं लागते, आणि अकस्मात् पूर्ण दाब आला म्हणजे ते फुटतात. एक कंडेन्सर बिघडला तर तो आपल्याबरोबर महागाचा ट्रान्सफॉर्मर जाळून जातो. हा घटक उष्णतेस फार भितो. तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं त्याचें आयुष्य अदमासें निम्म्यावर येतें, आणि आपल्याकडे तर संच भिंतीतील कोंदट कपाटांत बसविण्याची चाल आहे. जाणता कारागीर अशा यंत्रास प्रथम एका दिव्यामधून वीज देतो. आंत दोष असल्यास दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वांचतें. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरांत तीनशें-चारशें व्होल्टचा दाब असतो व कळ बंद केल्यावरही तो कांहीं वेळ कंडेन्सरांत दडून राहतो. घरांतील हौशी माणसानें झांकण उघडून बोट घालावें, असें हें स्थळ नव्हे. तसेंच असा अँप्लिफायर स्पीकर जोडल्यावांचून चालवूं नये. त्याचा शेवटचा ट्रान्सफॉर्मर त्यानें निकामी होऊं शकतो.

आतां एकेका दुव्याकडे वळावें. स्पीकरचें आयुष्य पुष्कळ अंशीं त्याच्या पडद्याच्या कडेवर अवलंबून असतें. कागदाची चुणीदार कड, कापडाची कड किंवा चांगल्या रबराची कड दशकानुदशकें टिकते. पण सत्तरीच्या व ऐंशींच्या दशकांतील कित्येक स्पीकरांस स्पंजासारख्या फेसाळ द्रव्याची कड असे; ती पंधरा-वीस वर्षांत, आणि मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत त्याहूनही लवकर, बोट लावतांच भुगा होऊन पडते. अशा वेळीं मंद्र स्वर फाटल्यासारखे ऐकूं येतात आणि घरचीं माणसें "स्पीकर गेला" असें म्हणून मोकळीं होतात. खरें पाहतां गेलेली असते ती कड. चुंबक, तारेचें वेटोळें आणि पेटी शाबूत असतात. नवी कड बसवून देणारा कारागीर मिळाला तर थोड्या खर्चांत तो स्पीकर पूर्ववत् होतो. पेटीस वाळवी लागली असेल, किंवा पडदाच कुजला असेल, तर मात्र निराळा विचार करावा.

अँप्लिफायरच्या बाबतींत आंकड्यांचा मोह फार. वीस वॉटचा जुना काढून चाळीस वॉटचा नवा घेतला, तर आवाज दुप्पट होईल अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. शक्ति दुप्पट केल्यानें तीन डेसिबलचीच भर पडते, आणि ती कानास जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट मोठा वाटावा, तर शक्ति सुमारें दसपट लागते. मध्यम आकाराच्या बैठकींत गाणें ऐकतांना बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्च होत असतात. म्हणून जुना अँप्लिफायर खरखरतो, त्याची एक बाजू मधूनच बंद पडते, एवढ्यावरून तो टाकूं नये. फिरवावयाच्या बटणांत धूळ गेली असेल, जोडणीस गंज चढला असेल, कंडेन्सर सुकले असतील. हे तिन्ही दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, किंवा मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर म्हणजे आतांच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अथवा पुण्यास बुधवार पेठेंत शोध करूनही आंतील भाग मिळत नसेल, तरच आशा सोडावी. जुन्या अँप्लिफायरचा आणखी एक गुण असा, कीं त्यांत मुद्रिकेसाठीं वेगळी जोडणी असते. चुंबकी कार्ट्रिजमधून येणारी वीज एका व्होल्टच्या कांहीं सहस्रांशांइतकीच असते. तिला आधीं वेगळें बळ द्यावें लागतें. आजच्या कित्येक अँप्लिफायरांत ही सोय नसते, आणि ती निराळी विकत घ्यावी लागते.

तबकडी फिरविणाऱ्या यंत्रांत बिघाड होतो तो मुख्यतः रबरांत आणि वंगणांत. पट्टा सैल पडतो, रबरी चाक कडक होतें, जुनें वंगण गोंदासारखें घट्ट होतें. हें सारें बदलतां येतें. परदेशांतून कोणी हौसेनें आणलेल्या यंत्राची गोष्ट मात्र तपासून पाहावी. भारतांत वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची. अमेरिकेंत ती १२० व्होल्टची व ६० आवर्तनांची. व्होल्टचा फरक ट्रान्सफॉर्मर लावून मिटतो, परंतु आवर्तनांचा मिटत नाहीं. ज्या यंत्राची मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते, तें येथें ३३⅓ ऐवजीं सुमारें २८ फेऱ्याच घेतें. मग पांढरी एकमध्यें गाणारा गवई खालच्या पांढरी सहाच्या आसपास उतरलेला ऐकूं येतो आणि द्रुत लयीची चीज रेंगाळते. मोटरवरील कप्पी बदलल्यानें हा दोष जातो. तो ओळखला नाहीं म्हणून चांगलें यंत्र मातीमोल भावानें गेल्याचें नवल वाटूं नये.

सुईविषयीं काटकसर करूं नये. हिऱ्याची सुई साधारण पांचशें ते हजार तास टिकते. नीलमण्याची त्याच्या अल्पांशानेंही टिकत नाहीं. झिजलेल्या सुईच्या कडा धारदार होतात आणि प्रत्येक फेरीस त्या खांचेंतील नाद कापून काढतात. यंत्र पुन्हां मिळेल, मुद्रिका कदाचित् मिळणार नाहीं. म्हणून संच ठेवावयाचा ठरला, तर पहिला रुपया सुईवर खर्च करावा, दुसरा स्पीकरच्या दुरुस्तीवर, आणि अँप्लिफायर बदलण्याचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा. पुष्कळ घरांत नेमकें याच्या उलट घडतें. चकचकीत नवा अँप्लिफायर येतो आणि तो जुन्या बोथट सुईचा दोष अधिक मोठ्यानें ऐकवितो.

एक सुधारणा अशी आहे, कीं तिला पैसा लागत नाहीं. फरशी उघडी, भिंती नागड्या आणि स्पीकर कोपऱ्यांत कोंबलेले, अशा खोलींत उत्तम संचही गोंगाट करतो. खालीं सतरंजी घालावी, दारास जाड पडदा लावावा, पुस्तकांचें कपाट समोरच्या भिंतीस आणावें, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें ओढावे व त्यांचें तोंड बसणाराच्या कानाच्या उंचीस आणावें. एवढ्यानें जो फरक पडतो, तो पुष्कळदां नव्या खरेदीनेंही पडत नाहीं. त्याचबरोबर कानांचाही विचार करावा. वयपरत्वें अतितार नाद ऐकूं येईनासे होतात, आणि ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेंत तर ते मुळांतच फारसे नसतात. सत्तरीच्या गृहस्थानें बालगंधर्वांच्या जुन्या मुद्रिकांसाठीं अतिमूल्यवान् संच घेणें म्हणजे निरांजनाच्या उजेडासाठीं झुंबर टांगणें होय. नव्या पिढीस आपल्या भ्रमणध्वनींतील गाणें जुन्या स्पीकरांवर ऐकावयाचें असेल, तर एक लहानसा बिनतारी ग्राहक अँप्लिफायरच्या रिकाम्या जोडणीस लावला म्हणजे काम होतें. त्यासाठीं जुनें कांहीं काढावें लागत नाहीं.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. टेपरेकॉर्डर हा बाजारभावानें बहुधा सर्वांत क्षुल्लक दिसतो, आणि घरानें सर्वांत जपून हाताळावा असा दुवा तोच होय. कारण ध्वनिमुद्रिकेवर जें आहें तें दुसऱ्या कोठें तरी असण्याचा संभव असतो. परंतु घरच्या स्पूलवर किंवा कॅसेटवर आजोबांनीं म्हटलेलें रामरक्षेचें पठण, मुलीचे पहिले बोबडे बोल, गणपतींतल्या मेळ्याचें गाणें किंवा एखाद्या खासगी बैठकींतील गायन असेल, तर त्याची जगांत तेवढी एकच प्रत असते. फितीवरील चुंबकी लेप दमट हवेनें चिकट होतो, बुरशी धरतो, सुटून येतो. आणि ती वाजविणारीं चांगलीं यंत्रेंही दिवसेंदिवस विरळ होत आहेत. म्हणून टेपरेकॉर्डर विकण्यापूर्वीं प्रत्येक फीत ऐकून तिच्यावर काय आहे तें लिहून ठेवावें, आणि महत्त्वाचें तें जाणत्याकडून संगणकाच्या नोंदींत उतरवून घ्यावें. त्या नोंदीच्या दोन प्रती कराव्या व एक दुसऱ्या घरीं ठेवावी. फीत चिकट झाली असेल तर ती घरच्या यंत्रावर ओढून पाहूं नये. तिचा लेप खरवडून निघेल. स्पीकरच्या चुंबकाजवळही फिती ठेवूं नयेत. हें काम होईपर्यंत यंत्र विकूं नये, हा नियम कोणत्याही भावासाठीं मोडण्याजोगा नाहीं.

नाद आणि त्याचें साधन यांची ही जोडी किती अतूट आहे, याचें एक उदाहरण आकाशांत आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे, आणि जगांतील निवडक संगीतांत गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें भैरवींतील गायन तिच्यावर आहे. ती मिनिटास १६⅔ फेऱ्यांनीं वाजवावयाची आहे. ज्यांनीं ती पाठविली त्यांनीं नुसती मुद्रिका पाठविली नाहीं. तिच्याबरोबर कार्ट्रिज आणि सुई ठेवली, व ती कशी वाजवावी याची आकृति वरील आवरणावर कोरली. ताऱ्यांकडे जाणाऱ्या गाण्याची जी काळजी घेतली गेली, ती माळ्यावरील गाण्याचीही घ्यावयास हरकत नसावी.

विकावयाचेंच ठरलें, तर कांहीं पथ्यें पाळावीं. ब्रिटनमधील गॅरार्ड कंपनीचीं ३०१ व ४०१ हीं यंत्रें, स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचें टी.डी. १२४, क्वाड कंपनीचे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर, अशा कांहीं वस्तूंस जाणकारांत आजही मागणी आहे. जपानच्या टेक्निक्स कंपनीनें १९७२ सालीं काढलेलें एस्.एल्.-१२०० हें यंत्र २०१० सालीं बंद झालें आणि २०१६ सालीं त्याच नांवानें पुन्हां निघालें. अमेरिकेंत २०२० सालीं मुद्रिकांच्या विक्रीचें उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सी.डी.च्या उत्पन्नाहून अधिक झालें. परंतु याचा अर्थ प्रत्येक जुनी पेटी म्हणजे ठेव, असा नव्हे. अस्सल कारागिरीच्या थोड्या यंत्रांस भाव येतो. प्लास्टिकच्या झाकणाच्या, एकाच पेटींत सर्व कांहीं बसविलेल्या संचांस क्वचितच येतो. म्हणून विकणारांनीं मागितलेल्या किंमती पाहून हुरळून जाऊं नये. तीच वस्तु प्रत्यक्ष कितीस गेली, तें विचारावें. विकण्यापूर्वीं रंग देऊं नये, पॉलिश करूं नये. जाणता गिऱ्हाईक मूळची पेटी व मूळचे भाग शोधतो. यंत्र चालू करून दाखवावें, दोष असल्यास सांगावा, मुद्रिका भावांत घुसडूं नयेत. पाठवितांना तबकडी काढून वेगळी बांधावी आणि सुईचा दांडा बांधून टाकावा, नाहीं तर एका धक्क्यांत सौदा मोडतो. जें खरोखर निकामी आहे, त्यांतील चांगले भाग एखाद्या कारागिरास द्यावे, म्हणजे दुसऱ्या कोणाचें यंत्र त्यावर जगेल. उरलेलें विद्युत्-कचरा रीतसर घेणाऱ्या संस्थेकडे द्यावें.

ठेवावयाचें ठरलें तरीही तें चादरीखालीं ठेवूं नये. पडून राहिलेलें यंत्र चालत्या यंत्राहून लवकर मरतें. महिन्यांतून एकदोनदां तरी तें लावावें. मुद्रिका उभ्या ठेवाव्या, उन्हापासून दूर ठेवाव्या, आणि पावसाळ्यांत बुरशी पाहावी. एल्.पी. सौम्य साबणाच्या व शुद्ध पाण्यानें पुसतां येतात. लाखेच्या मुद्रिकांस मात्र स्पिरिट लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते.

एवढें करूनही निर्णय होत नसेल, तर एक साधी कसोटी आहे. अगदीं आवश्यक तेवढी दुरुस्ती करावी आणि वर्षभर संच बैठकींत मोकळा ठेवावा. दुरुस्तीचा खर्च संचाच्या विक्रीच्या किंमतीशीं ताडून पाहूं नये. तितकेंच सुख देणारी नवी वस्तु कितीस पडेल, त्या रकमेशीं ताडावा. वर्षाच्या शेवटीं कोणीही तो आपण होऊन लावला नसेल, तर ज्याच्या घरीं तो वाजेल त्यास तो खुशाल द्यावा. त्यांत पूर्वजांचा अनादर नाहीं. वाद्य वाजतें राहावें, यापरता त्याचा मान दुसरा नाहीं. आणि आजीनें एखाद्या संध्याकाळीं न सांगतां उठून सुई खांचेवर ठेवली, तर सर्वांनीं घटकाभर गप्प बसून ऐकावें. ठेवावें कीं विकावें याचें उत्तर त्या घरास तेव्हां मिळालेलें असेल.